इंकांच्या वाटेवर पहिल्यांदा: कुस्को, पवित्र खोरं आणि माचू पिक्चू कसं पाहावं

पेरूतली इंका ठिकाणं पाहायला निघालेल्यांची सहल बिघडते ती बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. लिमाहून सकाळच्या विमानाने कुस्को गाठायचं, दुपारीच शहरदर्शनाच्या बसमध्ये बसायचं आणि तिसऱ्या दिवशी माचू पिक्चू उरकायचं, अशी आखणी कागदावर नीटनेटकी दिसते. प्रत्यक्षात कुस्को ३,४०० मीटरवर आहे आणि लिमा समुद्राकाठी. तासा-सव्वा तासात शरीर एवढं उंच जातं की पहिल्याच रात्री डोकं ठणकायला लागतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही. मग ज्या भिंती बघायला अर्धं जग ओलांडून आलो, त्यांच्यासमोर माणूस कपाळ धरून बसतो.

म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्या एकाच सूत्रावर बेतल्या आहेत: आधी खाली उतरा, मग हळूहळू चढा. आणि माचू पिक्चू सगळ्यांत आधी पाहू नका. कुस्कोजवळच्या पवित्र खोऱ्यातली पिसाक आणि ओयांतायतांबो ही इंका ठिकाणं पाहून डोळा तयार झाला की तिथलं दुप्पट दिसतं.

पहिली पायरी: निघण्याआधीची कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर पेरूचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने वैध व्हिसा किंवा तिथला कायम वास्तव्याचा परवाना असेल, तर पर्यटनासाठी पेरूत व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. भारतातून थेट विमान नाही. युरोप किंवा अमेरिकेमार्गे जाताना वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधीच पाहून घ्या. लोक अडकतात ते तिथे.

दुसरी गोष्ट पीतज्वराच्या लशीची. तुम्ही फक्त कुस्को आणि माचू पिक्चूला जाणार असाल, जंगलात पाऊलही टाकणार नसाल, तरी पेरूहून भारतात परतताना पीतज्वर लसीकरणाचं पिवळं पुस्तक मागतात. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात रवानगी होऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी ग्राह्य धरलं जातं. केंद्रांचे वार ठरलेले असतात, त्यामुळे महिनाभर आधीच वेळ घ्या.

दुसरी पायरी: कधी जायचं

हे दक्षिण गोलार्धातलं गणित आहे. मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम, नोव्हेंबर ते मार्च पावसाचा, त्यातही जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस सर्वांत जास्त. जून-जुलैत आभाळ स्वच्छ असतं, पण कुस्कोत रात्री पारा शून्याच्या आसपास जातो आणि साध्या हॉटेलांत खोली गरम करायची सोय असेलच असं नाही. दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, संध्याकाळी सहानंतर कानटोपी, असा एकाच दिवसात फरक पडतो. २४ जूनला कुस्कोत इंती रायमी हा सूर्योत्सव असतो. त्या आठवड्यात जायचं तर राहायची सोय कित्येक महिने आधी करावी लागते.

नवख्यांसाठी मे किंवा सप्टेंबर उत्तम. मे महिन्यात पावसाने धुतलेले डोंगर अजून हिरवे असतात.

तिसरी पायरी: तिकिटं, आणि ती कोणत्या क्रमाने काढायची

क्रम असा: आधी माचू पिक्चूचं प्रवेशतिकीट, मग रेल्वे, मग हॉटेल, सगळ्यांत शेवटी कुस्कोचं विमान. बरेच जण उलट करतात आणि शेवटी हव्या त्या दिवसाचा प्रवेश उरत नाही.

माचू पिक्चूला रोज ४,५०० लोकांनाच प्रवेश आहे, ठरावीक गर्दीच्या दिवसांत ५,६०० जणांना. २०२४ पासून आत तीन मोठे मार्ग आणि त्यांत मिळून दहा उपमार्ग आहेत. एका तिकिटावर एकच मार्ग. बाहेर पडलात की पुन्हा आत सोडत नाहीत, आणि एका मार्गावरून दुसऱ्यावर जाता येत नाही. म्हणून तिकीट घेताना फक्त तारीख पाहून चालत नाही.

मार्ग १ वरच्या अंगाचा. चित्रांत दिसणारा तो प्रसिद्ध देखावा, पुढे नगर आणि मागे वायना पिक्चूचा सुळका, इथून दिसतो, पण नगरात उतरता येत नाही. मार्ग २ हा जुना, मुख्य मार्ग. वरून देखावाही दिसतो आणि नगरातूनही फिरता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने डोळे झाकून हाच घ्यावा. साहजिकच तो सर्वांत आधी संपतो. मार्ग ३ खालच्या अंगाने जातो. वायना पिक्चूवर चढायचं असेल तर याच मार्गातला ३-अ हा उपमार्ग घ्यावा लागतो, पण वरचा तो देखावा यात येत नाही. दोन्ही हवं असेल तर दोन वेगळी तिकिटं काढावी लागतात. परदेशी प्रौढाला साधं तिकीट १५२ सोल (पेरूचं चलन), डोंगर चढायचा असेल तर २०० सोल. काही उपमार्ग फक्त गर्दीच्या हंगामात उघडतात.

तिकीट पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर जुळवून भरा. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात जे आहे ते सगळं नावाच्या रकान्यात, आडनाव आडनावाच्या. प्रवेशद्वारावर मूळ पासपोर्ट लागतो, फोनमधला फोटो चालत नाही. ऑनलाइन तिकिटं संपली असतील, तर माचू पिक्चूच्या पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस गावात रोज सुमारे हजार तिकिटं दुसऱ्या दिवशीसाठी विकली जातात. पण त्यासाठी रांगेत उभं राहावं लागतं, आणि हवा तो मार्ग मिळेलच असं नाही. हाताशी मोकळा दिवस असला तरच तो भरवसा धरा.

बाकीच्या बहुतेक ठिकाणांसाठी 'बोलेतो तुरिस्तिको' नावाचं एकत्रित तिकीट असतं: १३० सोल, १० दिवस, १६ ठिकाणं. त्यात साक्सायवामान, केन्को, पुका पुकारा, तांबोमाचाय, पिसाक, ओयांतायतांबो, चिंचेरो, मोराय आणि काही संग्रहालयं येतात. ७० सोलचं अर्धं तिकीटही मिळतं, पण त्यावर एकाच गटातली ठिकाणं एक-दोन दिवसांत पाहावी लागतात. तीन दिवस फिरणार असाल तर पूर्ण तिकीटच परवडतं. 'कोरिकांचा' हे कुस्कोतलं सूर्यमंदिर आणि मारासची मिठागरं यात नाहीत, त्यांचे पैसे वेगळे. हे तिकीट हरवू नका, ओलं होऊ देऊ नका. प्रत्येक ठिकाणी ते दाखवावं लागतं.

चौथी पायरी: वाटाड्या आणि सहल निवडणं

कुस्कोच्या चौकात पावला-पावलावर सहली विकणारे भेटतात. स्वस्त सहलींचा साचा ठरलेला असतो. 'पवित्र खोरं, एक दिवस' म्हणजे पिसाक, ओयांतायतांबो आणि चिंचेरो, मधे बुफे जेवण, वाटेत चांदीचं दुकान आणि लोकर रंगवण्याचं प्रात्यक्षिक. दुकानात पाऊण तास जातो आणि पिसाकच्या अवशेषांना तासभरही मिळत नाही. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा: गटात किती जण? प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष किती वेळ? प्रवेशतिकिटं धरली आहेत का? दुकानांत किती थांबे? शेवटच्या प्रश्नाला उत्तर टाळलं गेलं तर दुसरीकडे जा.

वाटाड्याकडे अधिकृत ओळखपत्र असतं, ते बघायला मागा. यात कुणाला राग येत नाही. चार-पाच जण असाल तर स्वतःची गाडी आणि स्वतःचा वाटाड्या घेणं मोठ्या बसच्या तुलनेत फार महाग पडत नाही, आणि थांबायचं कुठे हे तुमच्या हाती राहतं.

वाटाड्याच्या सांगण्यातली एक गोष्ट चाळणीतून गाळून घ्या. 'एवढे दगड माणसाने उचलणं शक्यच नाही' असं सुरू झालं, की थांबवून ओयांतायतांबोच्या खाणीबद्दल विचारा. नदीपलीकडच्या काचिकातात ती खाण आजही दिसते. तिथून देवळाकडे आणताना वाटेतच सोडून दिलेल्या प्रचंड शिळा अजून तशाच पडल्या आहेत. स्थानिक लोक त्यांना 'थकलेले दगड' म्हणतात. ज्या लोकांनी दगडाच्याच गोट्यांनी ठोकून ठोकून हे घडवलं, त्यांच्या श्रमाचं श्रेय परग्रहावरच्यांना देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पाचवी पायरी: पहिले दोन दिवस खोऱ्यात

कुस्को विमानतळावरून थेट उरुबांबा किंवा ओयांतायतांबोला जा. उरुबांबा सुमारे २,८७० मीटरवर, ओयांतायतांबो २,८०० च्या आसपास. म्हणजे कुस्कोपेक्षा पाचशे-सहाशे मीटर खाली. पहिल्या दिवशी काही पाहू नका. पाणी प्या, हलकं जेवा, दारू टाळा, सावकाश चाला. ३,४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. सह्याद्रीतले किल्ले न थांबता चढणाऱ्यांनाही तिथे दोन जिने चढून धाप लागते. तंदुरुस्तीचा आणि उंचीच्या त्रासाचा फारसा संबंध नाही. उलट तरुण, दमदार माणसं घाई करतात आणि आजारी पडतात.

अ‍ॅसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचं औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या. साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येणं, वारंवार लघवीला लागणं हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत, घाबरू नका. मात्र बसल्या जागीही दम लागत असेल, खोकला वाढत असेल, चालताना तोल जात असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरवा आणि डॉक्टर गाठा. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात. पेरूत तो कायदेशीर आहे आणि थोडी तरतरी येते. पण त्याने लघवीची अमली पदार्थ चाचणी सकारात्मक येऊ शकते, नोकरीत तशी चाचणी होत असेल तर टाळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पिसाक. गावातून टॅक्सीने वरच्या दारापर्यंत जा आणि पायी खाली या. उलट केलंत तर चढातच दिवस संपेल. उतरायला थांबत थांबत दोन तास लागतात. सुरुवातीलाच डोंगराला पायऱ्या-पायऱ्यांनी वेढणाऱ्या ताली दिसतात. आपल्याकडे कोकणात आणि मावळात उतारावर दगडी बांध घालून शेत करतात, तो प्रकार ओळखीचा वाटेल, पण इथली बांधणी आतून वेगळी आहे. दर्शनी दगडी भिंतीमागे तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू आणि सर्वांत वर सुपीक माती, असे थर असतात. पावसाचं पाणी मातीत मुरतं, खडीतून निथळतं आणि भिंतीवर दाब न येता खाली जातं. भिंत फुगत नाही, माती वाहत नाही. माचू पिक्चूला गेल्यावर हीच गोष्ट आठवा. तो डोंगर कोसळत नाही, कारण तिथलं निम्म्याहून जास्त बांधकाम जमिनीखाली, निचऱ्यात आणि पायाभरणीत आहे. आपल्या उपवासाच्या बटाट्याचं माहेरही याच डोंगरांत. पेरूत त्याच्या हजारो जाती आहेत, बाजारात जांभळे, काळे, गाठाळ बटाटे दिसले की भाजून मागा.

दुपारनंतर ओयांतायतांबो. हे गावच मूळ इंका आखणीवर वसलेलं आहे. गल्ल्यांच्या कडेने दगडी पाटांतून आजही पाणी खळाळतं. किल्ल्याच्या दोनशेवर पायऱ्या चढल्या की सूर्यमंदिराच्या सहा गुलाबी शिळा समोर येतात. १५३७ साली इंका राजा मांको इंकाने स्पॅनिश आक्रमकांच्या घोडेस्वारांना इथेच मागे रेटलं. खालच्या मैदानात पाणी सोडून त्याने घोड्यांना चिखलात रुतवलं. समोरच्या पिंकुयुना डोंगरावर धान्याची कोठारं आहेत, तिथे तिकीट लागत नाही. कोठारं इतक्या उंचावर का, तर तिथला सतत वाहणारा गार वारा धान्य सडू देत नाही. पायवाट अरुंद आहे, पावसात जाऊ नका.

हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर मोराय आणि मारास. मोरायच्या गोल ताली वाडग्यासारख्या खोल गेलेल्या आहेत, वर आणि तळाशी हवा वेगवेगळी असते. मारासला खाऱ्या झऱ्याचं पाणी तीन हजारांवर छोट्या कुंड्यांत सुकवून मीठ काढतात. कुंड्या गावातल्या कुटुंबांच्या मालकीच्या आहेत आणि आता त्यांच्यामध्ये उतरू देत नाहीत, वरूनच पाहायचं.

सहावी पायरी: माचू पिक्चूचा दिवस

ओयांतायतांबोहून रेल्वेने दीड-दोन तासांत आग्वास कालिएंतेस येतं. रेल्वेच्या तिकिटावर स्थानकाचं नाव 'माचू पिक्चू' असतं, गोंधळू नका, गाव तेच. मोठी बॅग गाडीत घेत नाहीत. ती ओयांतायतांबोच्या हॉटेलात ठेवा, दोन दिवसांपुरती पाठपिशवी घ्या. एक मुक्काम या गावात केलात तर सकाळी धावपळ होत नाही.

गावातून वर जायला बस आहे, पहिली पहाटे साडेपाचला. नागमोडी रस्त्याने अर्धा तास लागतो. पायी चढायचं तर दीड-दोन तास उभ्या पायऱ्या. वर पोहोचेपर्यंत पाय थकलेले असतात, आत अजून पुष्कळ चालायचं असतं, म्हणून जाताना बस आणि येताना पायी हे बरं. पावसाळ्यात सहाची वेळ घेऊ नका. सकाळी धुकं इतकं दाट असतं की समोरचं काही दिसत नाही. नऊ-दहाच्या सुमारास ते विरतं. कोरड्या हंगामात मात्र पहिलीच वेळ घ्यावी, उन्हाआधीची शांतता मिळते.

आत स्वच्छतागृह नाही. प्रवेशद्वाराबाहेर आहे, २ सोल लागतात, सुटे ठेवा. पाठपिशवी ४० × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी चालत नाही. सेल्फी स्टिक, ट्रायपॉड, ड्रोन, एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिक बाटल्या बंद. टोकाला रबर नसलेली काठीही नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. इथल्या बारीक माशा चावतात आणि खाज आठवडाभर जात नाही.

पाहायचं काय? हे नगर पंधराव्या शतकात सम्राट पाचाकुतीच्या काळात वसलं. भिंती किंचित आत कललेल्या आहेत आणि दारं-खिडक्या वर निमुळत्या, भूकंपात टिकण्यासाठी. मग साधी घरं आणि देवळं यांच्या भिंतींत फरक शोधा. घरांत ओबडधोबड दगड आणि मातीचा लेप, देवळांत सुरी शिरणार नाही असे कोरडे सांधे. एकाखाली एक अशी सोळा कारंजी आहेत. झऱ्याचं पाणी सुमारे पाऊण किलोमीटर लांबीच्या पाटाने आणलेलं, आणि पहिलं कारंजं राजाच्या वाड्यापाशी. म्हणजे सर्वांत स्वच्छ पाणी आधी कुणाला, ते उतारानेच ठरवलं होतं. २४ जुलै १९११ रोजी अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅम इथे पोहोचले तेव्हा या तालींवर स्थानिक शेतकरी कुटुंबं शेती करत होती. 'शोध लागला' हा शब्द ऐकताना एवढं लक्षात असू द्या.

चार दिवसांच्या इंका पायवाटेने जायचं असेल, तर नियम वेगळे. परवानाधारक संस्थेमार्फतच जाता येतं. रोज हमाल-वाटाडे धरून ५०० जण, त्यांतले पर्यटक सुमारे २००. वाट सुमारे ४३ किलोमीटर, सर्वांत उंच खिंड ४,२१५ मीटरवर. मे ते सप्टेंबरसाठी सहा महिने आधी नोंदणी करा. परवान्यावरचं नाव नंतर बदलता येत नाही. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते.

सातवी पायरी: शेवटी कुस्को

आता शरीर उंचीला सरावलेलं असतं. दुपारची शहरदर्शन बस घेऊ नका. ती शेवटच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत अंधार आणि गारठा. सकाळी टॅक्सीने सर्वांत लांबच्या तांबोमाचायला जा आणि पुका पुकारा, केन्को, साक्सायवामान असं उतरत शहरात या. साधारण आठ किलोमीटर. साक्सायवामानच्या नागमोडी तटात १०० टनांहून जड असल्याचा अंदाज असलेल्या शिळा आहेत. वरचं बरंच बांधकाम स्पॅनिशांनी काढून शहरातली चर्चं बांधली.

कोरिकांचा शेवटी ठेवा. हे इंकांचं मुख्य सूर्यमंदिर, त्यावर सांतो दोमिंगोचा मठ उभा आहे. १९५० च्या भूकंपात मठ ढासळला, खालच्या इंका भिंती जागच्या हलल्या नाहीत. तिथे एका सांध्याजवळ उभे राहा, हात लावू नका. दोन राखाडी दगड जिथे भेटतात तिथे चुना नाही, फट नाही, केसाएवढी रेघ फक्त. मग नजर त्या रेघेवरून वर न्या. प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित बारीक होत जातो. ते दिसलं की भिंतीपासून पाय निघत नाही.

शाकाहारींनी जेवताना नुसतं 'वेहेतारियानो' म्हणून थांबू नये. सूप बहुतेकदा कोंबडीच्या पाण्यातलं असतं. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' असं सांगा: मांस, कोंबडी, मासे नको. किन्वाचं सूप, कणसं आणि चीज, अव्होकाडो, भाजलेले बटाटे यांवर आठवडा आरामात निघतो. नळाचं पाणी पिऊ नका. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, जराशी फाटलेली नोट कुणी घेत नाही.

परतीच्या आधी कुस्कोत एक दिवस मोकळा ठेवा. पावसात दरड कोसळून रेल्वे बंद पडते, कधी संपामुळे रस्ते अडतात. कुस्को-लिमा विमान आणि लिमाहून पुढचं आंतरराष्ट्रीय विमान एकाच दिवशी धरू नका. उरलेली कोकाची पानं, चहाच्या पुड्या आणि कोकाच्या गोळ्या हॉटेलातच सोडा, भारतात आणि वाटेतल्या बहुतेक देशांत त्या गुन्ह्यात मोडतात. पीतज्वराचं पिवळं पुस्तक पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. मुंबईला उतरल्यावर ते आरोग्य तपासणीच्या खिडकीवर, बॅगा मिळण्याआधीच मागतात.